भीतीचा पत्ता

गेल्या दिवाळीत फराळ आटोपल्यावर माझ्या १३ वर्षांच्या नातीने विचारले, "आबा, तुम्ही पाहिलेला सगळ्यात एंग सिनेमा कोणता?" आमच्या घरी भीतीदायक या लांबलचक शब्दाची जागा डचमधल्या एंग या दोन अक्षरांनी केव्हाच घेतली आहे. मी म्हणालो, "स्पोरलोस." तिने तो पाहिला नव्हता. "त्यात भूत आहे?" "नाही." "रक्त?" "जवळजवळ नाहीच." "मग आहे तरी काय?" "एक पेट्रोल पंप आहे."

नात खो खो हसली. तिची आई मात्र हसली नाही. तिने हातातली चकली ताटलीत ठेवली आणि माझ्याकडे पाहिले. त्याचे कारण पुढे येईलच. पण त्या रात्रीपासून हा प्रश्न डोक्यातून गेला नाही. बंगले, कवट्या, मेणबत्त्या आणि किंचाळ्या यांनी भरलेले कितीतरी चित्रपट आपण पाहतो, घरी येऊन वरणभात खातो आणि गाढ झोपतो. एखादाच असा निघतो की तीस-पस्तीस वर्षांनीही तो आठवला की पोटात खड्डा पडतो. असे का व्हावे? योगायोग असा की या प्रश्नाची काही उत्तम उदाहरणे आपण राहतो त्या नेदरलँड्समध्येच घडली आहेत. तेव्हा थोडा इतिहास पाहू.

सुरुवात मात्र आपल्याकडूनच करायला हवी, कारण हा प्रश्न फार पूर्वी भरतमुनींनी हाताळला आहे. नाट्यशास्त्रातल्या आठ रसांत भयानक आणि बीभत्स हे दोन वेगळे रस आहेत. भयानकाचा स्थायीभाव भय, बीभत्साचा जुगुप्सा, म्हणजे किळस. बीभत्सातून भयानक उपजतो असेही तिथे सांगितले आहे, पण म्हणून दोन्ही एक नव्हेत. झुरळ पाहून अंग आक्रसते ती किळस. अंधारात जिन्यावर पाऊल वाजते ते भय. भीतिपट काढणारे निम्मे लोक इथेच फसतात.

त्याहून मौजेची गोष्ट म्हणजे भयानक रस कशाने निर्माण होतो याची भरतमुनींनी दिलेली यादी. घुबड आणि कोल्हे यांचे ओरडणे, ओसाड घर, अरण्य ही सगळी ओळखीची मंडळी तिच्यात आहेत. रामसे बंधूंनी नाट्यशास्त्र उघडून पाहिले असेल असे वाटत नाही, पण 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) पासून 'पुराना मंदिर' (१९८४) आणि 'वीराना' (१९८८) पर्यंत त्यांनी ही यादी इमानेइतबारे पाळली. त्या यादीत शेवटी आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही: गुरूचा किंवा राजाचा अपराध. म्हणजे आपल्या हातून काहीतरी चुकले आहे आणि त्याचा जाब विचारला जाणार आहे, ही जाणीव. घुबड बाहेर ओरडते, अपराध आत ओरडतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, वाचकहो, पुढे तोच उपयोगी पडणार आहे.

आपल्या पिढीची भीती घडली ती अशाच ओळखीच्या जागांवर. कोकणातल्या आजोळी गेलो की पिंपळावर मुंजा, आडवाटेला हडळ, वेशीबाहेर वेताळ. पण नीट पाहिले तर या भुतांना पत्ता असतो आणि कारणही असते. मुंजाची मुंज झाली पण पुढचा संसार व्हायचा राहिला. हडळ बाळंतपणात गेली. त्यांचे काहीतरी येणे बाकी आहे. ते द्या, नारळ ठेवा, तिन्हीसांजेला त्या वाटेने जाऊ नका, की झाले. रामसेंच्या सैतानाचाही जुना हिशेब असतो आणि शेवटी त्रिशूळ असतो. १९९३ साली महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' आला. रामदास पाध्ये यांनी घडवलेला तात्या विंचूचा बाहुला पाहून लहान मुले रात्री दिवा लावून झोपली, पण तीच मुले दुसऱ्या दिवशी त्याची नक्कल करत होती. डच भाषेत या सुखद शहारण्याला ख्रीझलन म्हणतात. आजीच्या कुशीत शिरून भुताची गोष्ट ऐकण्याचा जो आनंद, तो हा.

नारायण धारप (१९२५-२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांनी आपल्याला याच्या पलीकडे नेले. मतकरींच्या गूढकथांत भूत असलेच तर ते बहुधा चाळीच्या खोलीत, नवराबायकोच्या मधे, शेजारच्या सभ्य गृहस्थाच्या डोळ्यांत असते. दिवाळी अंकातली अशी एखादी कथा वाचून आपण दचकत नव्हतो. नुसतेच गप्प होत होतो. दचकणे आणि गप्प होणे यांतला फरक हाच या लेखाचा विषय आहे.

डेल्फ्टचे उंदीर

आता आपल्या या दुसऱ्या देशाकडे वळू. पडद्यावर काय दाखवावे याची चिंता डच सरकारनेही पुष्कळ केली. १९२६ च्या चित्रपटगृह कायद्यानुसार १९२८ पासून चित्रपटांची तपासणी करणारे केंद्रीय मंडळ कामाला लागले आणि प्रौढांसाठीही कात्री चालू लागली. प्रौढांपुरती ही कात्री १९७७ च्या कायद्याने बंद झाली. मुलांसाठी वयाची मर्यादा तेवढी राहिली. हे साल ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण येथल्या भीतिपटांचा बहर आला तो त्यानंतरच्या दहाएक वर्षांत.

त्याची सलामी दिली ती एका जर्मन दिग्दर्शकाने. वेर्नर हेरत्सोग याने मुर्नाउच्या १९२२ मधल्या मूकपटावरून 'नोस्फेराटू' (१९७९) नव्याने केला आणि त्यातल्या जर्मन गावासाठी डेल्फ्टचे कालवे व पूल निवडले. कथेत रक्तपिपासू सरदाराच्या जहाजातून उंदीर येतात आणि गावात प्लेग पसरतो. हेरत्सोगला त्यासाठी हजारो खरे उंदीर रस्त्यात सोडायचे होते. डेल्फ्टकरांनी स्वच्छ नकार दिला, तेव्हा ती दृश्ये स्खीडामला घ्यावी लागली. आणलेले उंदीर प्रयोगशाळेतले पांढरे. त्यांना करड्या रंगात बुडवण्यात आले. उंदरांचे अभ्यासक म्हणून बोलावलेले प्रसिद्ध डच लेखक मार्टेन 'त हार्ट यांना त्या प्राण्यांचे हाल पाहवले नाहीत, आणि ते त्या कामातून बाहेर पडले.

हा चित्रपट पाहताना शेजारचा डच सहकारी सरदाराच्या लांब नखांनी अस्वस्थ झाला होता. मी अस्वस्थ झालो तो चौकातल्या उंदरांनी. माझ्या पणजीच्या गोष्टींत प्लेग होता. मुंबईत १८९६ च्या पावसाळ्याअखेरीस साथ आली, पुढच्या वर्षी पुण्यात पसरली. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला गेल्या. "घरात उंदीर पडला" एवढे तीन शब्द ऐकले की माणसे चूल तशीच टाकून गावाबाहेर झोपड्यांत राहायला जात. नखे आणि सुळे परक्याचे होते. उंदीर आमच्या घरचा होता. कोणता चित्रपट कोणाला छळेल हे असे ठरते. पडद्यावरच्या गोष्टीला आपल्या घरातला पत्ता सापडला, की ती मुक्कामाला येते.

१९८३ साली दोन डच चित्रपट आले. पॉल फेरहूफेनचा 'द फिरडे मान' हा खेरार्ड रेव्हच्या कादंबरीवरचा. त्यात फ्लिसिंगेनला व्याख्यानाला गेलेला लेखक एका विधवेच्या जाळ्यात सापडतो आणि तिचे आधीचे तीन नवरे कसे मेले याचा विचार करत बसतो. दुसरा डिक मासचा 'द लिफ्ट'. त्यात चक्क एका इमारतीची लिफ्ट माणसे मारते आणि दुरुस्तीला आलेला कारागीर तिच्या मागे लागतो. कल्पना हास्यास्पद वाटेल, पण तो पाहिल्यावर आमच्या मजल्यावरची निदान चार बिऱ्हाडे आठवडाभर जिन्याने चढत होती. लिफ्ट ही रोजची वस्तू आहे, इतकेच त्याचे कारण. मात्र शेवटी बिघडलेल्या यंत्राचे स्पष्टीकरण मिळते आणि आठवड्यानंतर गुडघे दुखू लागतात. भीती संपते.

याच डिक मासचा 'आम्स्टरडॅम्ड' १९८८ मध्ये आला. कालव्यांतून पाणबुड्याच्या वेषात फिरणारा खुनी, पुलाला टांगलेल्या प्रेतावर आदळणारी काचेच्या छताची पर्यटक नौका, मोटरबोटींचा तुफान पाठलाग. त्यातला काही भाग तर उट्रेख्टच्या कालव्यात चित्रित झाला आहे. पाहुण्यांना दाखवावा असा झकास चित्रपट. येथेही खुनी असा का झाला याचा खुलासा शेवटी होतो. गणित सुटते, दिवे लागतात.

त्याच वर्षी, १९८८ मध्ये, 'स्पोरलोस' आला. आणि त्यात दिवे लागलेलेच होते.

भर दुपारचा पंप

'स्पोरलोस' म्हणजे मागमूस न ठेवता. पत्रकार, बुद्धिबळपटू आणि सायकलपटू टिम क्राबे यांची 'हेट खाउडन एइ', सोन्याचे अंडे, ही छोटी कादंबरी १९८४ ची. तिच्यावरून जॉर्ज स्लाउझर यांनी हा चित्रपट केला. रेक्स आणि सास्किया हे तरुण डच जोडपे सुट्टीसाठी गाडीने फ्रान्सला निघाले आहे. रेडिओवर तूर द फ्रान्सचे समालोचन चालू आहे. आपण सगळे दर जुलैत ज्या प्रवासाला निघतो तोच हा प्रवास. वाटेत बोगद्यात पेट्रोल संपते. दोघांचे भांडण होते आणि रेक्स तिला अंधारात एकटीला टाकून डबा घेऊन निघून जातो. नंतर समेट होतो. "पुन्हा असे सोडून जाणार नाही," असे तो वचन देतो. पुढच्या पंपावर थांबतात. भर दुपार, मुले खेळताहेत, गाड्यांच्या रांगा. सास्किया थंड पेये आणायला आत जाते आणि परत येत नाही.

बस्स, एवढेच. रेक्स तीन वर्षे तिचा शोध घेत राहतो. ती जिवंत असण्याची आशा त्याला उरलेली नाही. त्याला फक्त काय झाले ते कळायला हवे आहे.

दुसरीकडे आपल्याला गुन्हेगार आधीच दाखवला जातो. रेमों लमोर्न हा फ्रेंच गृहस्थ रसायनशास्त्राचा शिक्षक आहे, दोन मुलींचा प्रेमळ बाप आहे. एकदा त्याने बुडणाऱ्या मुलीला वाचवले आणि मुलींच्या नजरेत तो वीर ठरला. मग त्याच्या मनात आले, मी एवढे चांगले करू शकतो तर तितकेच वाईट करू शकतो का? तो वहीत वेळा टिपतो, स्वतःवर गुंगीचे औषध घेऊन पाहतो, नाडी मोजतो. खेड्यातल्या घरी टेबलाच्या खणात कोळी निघतात, बायको-मुली किंचाळतात, मग तोही हौसेने त्यांच्याबरोबर किंचाळतो आणि नंतर शेजाऱ्याला काही ऐकू आले का याची चौकशी करतो. एका प्रयत्नात ऐनवेळी त्याला शिंक येते आणि औषध लावलेला रुमाल तो स्वतःच्याच नाकाला लावतो. आपण हसतो. ते हसू नंतर आपल्याला महागात पडते.

आणि सास्किया त्याच्या गाडीत बसते ती कशासाठी? त्याच्याकडे रेक्सच्या नावाचे आद्याक्षर असलेली किल्ल्यांची साखळी असते. तशीच एक रेक्सला भेट द्यावी म्हणून. लोभाने नाही, मूर्खपणानेही नाही. प्रेमाने.

(ज्यांना हा चित्रपट पाहायचा आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा.)

शेवटी लमोर्न स्वतःच रेक्सला भेटतो आणि सांगतो, तिचे काय झाले ते कळायचे असेल तर तिने जे भोगले तेच भोगावे लागेल. ही कॉफी पी. रेक्स आधी नाकारतो, मग पितो. जाग येते तेव्हा तो जमिनीखाली पेटीत पुरलेला असतो. वर लमोर्न आपल्या कुटुंबाबरोबर बागेत बसलेला असतो. पोलीस येत नाहीत, देव येत नाही.

या चित्रपटाला त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट डच चित्रपटाचे सोनेरी वासरू मिळाले, आणि सास्कियाची भूमिका करणाऱ्या योहाना तर स्टेखे हिला पहिल्याच युरोपीय चित्रपट पुरस्कारांत सन्मान मिळाला. ऑस्करसाठी मात्र तो अपात्र ठरला, कारण काय, तर त्यात फ्रेंच संवाद फार. पुढे १९९३ मध्ये हॉलिवुडने याच स्लाउझर यांच्याकडून तो इंग्रजीत करून घेतला, मोठे नट घेतले आणि शेवट बदलला. नायक सुटतो, दुष्टाला शासन होते. तो चित्रपट आज फारसा कोणाला आठवत नाही. एकच कथा, एकच दिग्दर्शक. एक विसरला गेला, दुसरा विसरता येत नाही. शेवट गोड केला की भीती दारातूनच परत जाते, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळेल.

पण केवळ शेवट हे कारण पुरेसे नाही. इथे काश्मीरचे अभिनवगुप्त मदतीला येतात. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंताच्या बाणापुढे पळणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेऊन ते म्हणतात की ते भय माझे नसते, माझ्या मित्राचे नसते, शत्रूचेही नसते. ते कोणा एकाचे राहत नाही, म्हणून तर त्याचा आस्वाद घेता येतो. हेच साधारणीकरण. रामसेंच्या बंगल्यातले भय असेच निनावी असते. 'स्पोरलोस' हे अंतर ठेवू देत नाही. ती गाडी माझी, तो पंप माझा, बोगद्यातले ते भांडणही माझेच. आणि रेक्सला शेवटी कॉफी प्यायला लावतो तो भरतमुनींच्या यादीतला अपराधच. मी तिला अंधारात सोडून गेलो होतो, हा अपराध. डच लोक अशा चित्रपटाला बक्लेमंट म्हणतात, छाती आवळणारा.

पाहुणचार

बीभत्साच्या वाटेनेही एक डच चित्रपट जगप्रसिद्ध झाला, टॉम सिक्सचा 'द ह्यूमन सेंटिपीड' (२००९). त्याच्या दुसऱ्या भागाला ब्रिटनच्या मंडळाने २०११ मध्ये आधी परवानगीच नाकारली आणि मग काटछाट करून दिली. त्याबद्दल अधिक लिहीत नाही. जेवणाच्या टेबलावरही हा अंक वाचला जातो. किळस जोरदार असते, पण साबणाने हात धुतले की जाते.

त्याउलट २०२२ चा 'स्पीक नो ईव्हल' पाहा. दिग्दर्शक क्रिस्टियान टाफड्रुप डॅनिश, पण गोष्ट घडते नेदरलँड्समध्ये. इटलीत सुट्टीवर ओळख झालेल्या डच कुटुंबाकडे डॅनिश कुटुंब पाहुणे म्हणून येते. बाई शाकाहारी आहेत हे माहीत असून यजमान त्यांना मांसाचा घास खाऊनच पाहा असा आग्रह करतो. त्या खातात. मुलीला जमिनीवर झोपवतात. ते चालवून घेतात. एकदा तर हे कुटुंब पहाटे निघून जाते, पण मुलीचा कापडी ससा राहिला म्हणून परत येते. प्रत्येक वेळी दार उघडे असते आणि प्रत्येक वेळी भिडेपोटी माणसे थांबतात. शेवट मी सांगणार नाही. आमच्यासोबत का असे वागता, या प्रश्नाला यजमान जे उत्तर देतो त्याचा अर्थ एवढाच, की तुम्ही वागू दिलेत म्हणून. २०२४ मध्ये याचीही इंग्रजी आवृत्ती निघाली आणि तिच्यातही कुटुंब वाचते! तीस वर्षांत हॉलिवुड काही शिकले नाही.

हा चित्रपट आमच्या चार मित्रांच्या कुटुंबांनी एकत्र पाहिला. संपल्यावर कोणी बोलेना. मग एक वहिनी म्हणाल्या, "आपण इथे आलो तेव्हा हेच तर करत होतो." खरे आहे. परक्या देशात नवा आलेला माणूस 'नको' म्हणायला घाबरतो. ऑफिसच्या जेवणात पानात काय आले हे न विचारता गिळतो, चेष्टा समजली नाही तरी हसतो, शेजाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून आपल्याला वाईट वाटून घेतो. ती भीड आमच्याकडून काही भयंकर करवून गेली नाही, हे नशीब. पण पडद्यावर ती पाहिली आणि ओळखली.

आपल्याकडच्या राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड' (२०१८) बद्दलही हेच म्हणता येईल. नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीची आठवण देणारे, मूळ प्रेरणा धारपांच्या कथेची. त्यात कोसळता पाऊस आहे, वाडा आहे, साखळदंडातली म्हातारी आहे. भरतमुनींची यादी जवळजवळ पूर्ण. पण तो टिकला तो त्यासाठी नाही. हस्तरपेक्षा भयंकर आहे ते बापाने मुलाला सोन्याच्या नाण्यांची वाट शिकवणे. २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. लोक भूत पाहायला गेले आणि स्वतःच्या घरातली हाव पाहून आले.

आता १९९४ च्या जुलैची गोष्ट. 'स्पोरलोस' मी त्याआधी तीन वर्षांपूर्वी व्हिडिओटेकमधून कॅसेट आणून पाहिला होता. आम्ही आइंडहोवनहून दक्षिण फ्रान्सला निघालो होतो. लियोंच्या पुढे एका पंपावर थांबलो. मुलगी ५ वर्षांची होती. गाडीत तिने रडारड केली होती, मी तिच्यावर ओरडलो होतो. बायको तिला घेऊन आत गेली. पाच मिनिटांनी बायको एकटीच बाहेर आली. मुलगी माझ्याकडे धावत गेली असे तिला वाटले होते.

पुढची २० मिनिटे मी लिहू शकत नाही. मला फ्रेंचमध्ये 'पिवळा फ्रॉक' म्हणता येईना. कोणाला फोन करायचा, कोणत्या भाषेत, ठाऊक नव्हते. डोक्यात एकच होते: मी तिच्यावर ओरडलो होतो. शेवटी ती मागच्या बाजूला एका डच कुटुंबाच्या कॅराव्हॅनपाशी सापडली, त्यांच्या कुत्र्याशी खेळत. आपली भाषा ऐकून तिकडे गेली होती. आपली म्हणजे डच. तिला काही झाले नव्हते. मला मात्र त्या दिवशी कळले की चित्रपट मला काय सांगत होता.

म्हणून दिवाळीत ती हसली नाही. तिला तो दिवस आठवत नाही, पण माझा चेहरा आठवतो असे ती म्हणते.

येथे २००१ पासून कायकवायझर ही पद्धत आहे; चित्रपटाला वयाचे आकडे आणि सोबत छोटी चित्रे. २०२० पासून त्यात १४ आणि १८ हे आकडेही आले. भीतीचे चित्र म्हणून त्यांनी कोळी निवडला आहे. सोयीचे आहे, मीही नातीला तेच दाखवतो. पण कोणता कोळी कोणाच्या खणात निघेल हे पाकिटावर छापता येत नाही. रक्त, सुळे, ओसाड वाडे यांचे वय ठरवता येते. चांगुलपणातून, प्रेमातून, भिडेतून, आपल्याच एखाद्या चुकीतून जे दार उघडते त्याचे वय ठरवता येत नाही. त्रासदायक चित्रपट तेच, जे त्या दाराशी आपल्याला नेऊन उभे करतात आणि परतीचे तिकीट देत नाहीत.

नातीला मी सांगितले आहे, 'स्पोरलोस' १६ वर्षांची झालीस की पाहू, आणि माझ्याबरोबरच पाहायचा. तिने विचारले, "तुम्हाला भीती वाटते म्हणून?" मी हो म्हणालो. येत्या जुलैत सगळे मिळून फ्रान्सला जायचे ठरते आहे. पंपावर गाडी थांबली की आमच्या घरात अजूनही कोणी एकटे आत जात नाही. जावई त्यावरून आमची चेष्टा करतात, करोत बापडे.